एका सुपाला एक सवाल

देवाने कान सगळ्यांना दिले, पण ते वापरायची अक्कल साऱ्या मुंबईत एकाच माणसाला दिली, आणि तो माणूस नेमका आमच्या हिच्या खाणावळीत येऊन बसला. दुसरीकडे कुठे बसला असता तर मीही त्याचं कौतुक केलं असतं. घोडपदेवपासून लालबागपर्यंत खाणावळींना काय तोटा आहे? पण नाही. त्याला आमचाच जिना सापडला, आमचाच दुसरा मजला, आमचीच खोली आणि माझीच बायको.

मी आणि त्याने मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे एका काळ्या दाण्यावरून घातलेला वाद. रविवारची सकाळ होती. तो त्याच्या गोणपाटावर, मी माझ्या पाटावर, दोघांच्या मांडीवर एकेक सूप, आणि ही खाटेवर उशांना टेकून आमच्यावर नजर ठेवून. तिला धाप लागायची, उठवत नव्हतं, चूल शेजारच्या काकी सांभाळत होत्या, पण तांदूळ निवडायचं काम तिच्या डोळ्यांसमोरच व्हायला हवं असा तिचा हुकूम होता. त्याच्या सुपात एक काळा दाणा निघाला. मी म्हटलं, खडा आहे. तो म्हणाला, "जळका तांदूळ असावा." असावा हा त्याचा लाडका शब्द. आहे म्हणायला त्याला आठवडा लागायचा. मी म्हटलं, "अहो, मी जन्मभर रेशनचा तांदूळ खाल्लाय, मला सांगता?" तो म्हणाला, "तुमचा अनुभव मोठा आहे, पण हा दाणा तुम्ही पूर्वी पाहिलेला नाही." तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "भांडतास कित्याक? चावून बघा." त्याने खरोखर तो दाणा दाढेखाली धरला. कटकन आवाज आला तो मला पाटावर ऐकू आला. गाल धरून तो म्हणाला, "खडा आहे. तुमचं बरोबर होतं. आभारी आहे." ही हसली, हसता हसता खोकली, पाणी प्याली. त्या दिवशी दिवेलागणीला ती गेली. त्याबद्दल मला आत्ता लिहायचं नाही. मला ह्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

त्याचं नाव लिहीत नाही, कारण चाळीत कुणी ते वापरलंच नाही. सगळे त्याला 'युनिव्हर्सिटी' म्हणायचे. "युनिव्हर्सिटी आली का रे?" "युनिव्हर्सिटी मोरीत हात धुते आहे." आमची ही त्याला मास्तर म्हणायची. मी तोंडावर साहेब म्हणायचो, आणि मनात काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, युनिव्हर्सिटीत तो मुलांना समाज शिकवायचा. समाज शिकवतात हे मला तेव्हाच कळलं. आम्ही आपले फुकट त्यात राहत होतो. राहायला गिरगावात, जुन्या घराण्यातला. आजोबा म्हणे मोठे हेडक्लार्क, एके काळी नावावर वाडी होती, आता उरली होती दोन खोल्यांची जागा आणि एक विधवा बहीण. लग्न केलं नव्हतं. उंच, पुढे वाकलेला, वैशाखातही अंगात कोट आणि पायात साध्या वहाणा, असा तो जिना चढायचा तेव्हा वाटायचं कुणी छत्री उघडी ठेवून वर येतंय.

तो पहिल्यांदा आला ते दिवस हरताळांचे होते. मुंबई कुणाची ह्यावर रोज मोर्चे निघत होते, गिरण्या कधी चालू कधी बंद, आणि अशा वेळी हा माणूस छापील प्रश्नांचे कागद आणि मागे दोन विद्यार्थी घेऊन आमच्या दारात. घरात माणसं किती, कमावती किती, परसाकडे कुठे जाता, असले सवाल. आमच्या हिच्यासमोर तेव्हा सगळ्या जेवणाऱ्यांचा तांदूळ पडला होता. आमच्याकडे जेवणारे सगळे गिरणीतले, गावाकडे बायका ठेवून आलेले, पाळी सुटली की भुकेने येणारे. तिने मान वर न करता सांगितलं, "खाणावळीत रिकाम्या हातान बसूची पद्धत नाय. सूप घ्या. एका सुपाला एक सवाल. आणि खडो गावलो तर सवाल बाद." दुसरा कुणी असता तर शेजारच्या चाळीत गेला असता. त्या दोन विद्यार्थ्यांची तोंडं तशीच झाली होती. ह्याने कोट काढला, घडी केली, खाली बसला आणि म्हणाला, "पद्धत योग्य आहे." पहिलं सूप निवडायला त्याला दुपार झाली. त्याने कण्या वेगळ्या काढल्या, टरफलं वेगळी, लाल दाणे वेगळे, आणि खडे तेवढे आत ठेवले. हिने सुपात बोट फिरवलं, डाव्या बाजूने, तळाशी दाबत, आणि दोन खडे त्याच्या तळहातावर ठेवले. "बाद." तो म्हणाला, "आभारी आहे," आणि गेला. पुढच्या रविवारी परत हजर. मी त्याच दिवशी ओळखलं, हा माणूस धोक्याचा आहे. निर्लज्ज माणूस परवडतो, ज्याला अपमान कळतच नाही तो परवडत नाही.

मग तो येतच राहिला. येताना स्वतःचं गोणपाट घडी करून पिशवीत आणायचा, आमचं नको, आमचं कुणाला तरी लागत असेल म्हणून. उंबरठ्याबाहेर वहाणा काढून दर वेळी विचारायचा, "येऊ का?" वर्षानुवर्षं येणारा माणूस, पण हिने "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचा नाही. एकदा ही नळावर गेली होती, मी आत बसलो होतो. त्याने विचारलं, मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. ती पाण्याची कळशी घेऊन येईपर्यंत तो गॅलरीत उभा. वर मलाच बोलणी खावी लागली. आभार मानायचा तर कुणाचे मानील त्याला धरबंध नव्हता. वाढणाऱ्याचे, ताट उचलणाऱ्याचे, जिन्यात बाजूला सरणाऱ्याचे. तळमजल्यावरचा कुत्रा त्याला बघून उठून बसायचा, तर त्याचेसुद्धा. मासे खायचा ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखे, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडायचा. आणि तरी बांगड्याचा पोटाकडचा तुकडा त्याला. मला शेपटी. विचारलं तर म्हणे, "तुमका काटे काढूक येतत." म्हणजे येतं म्हणून शिक्षा.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते त्याचं ऐकणं. सूप स्वच्छ निघालं की तो एक सवाल विचारायचा, आणि मग गप्प. माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचं कुठेतरी दुसरीकडे लक्ष असतं, माझं असायचं, गिरणीतल्या माझ्या साच्यावर, म्हणजे मागावर, किंवा विडीवर. ह्याचं सगळं लक्ष समोर. हात थांबलेले, तोंड किंचित उघडं, जणू आमची ही काही सांगत नसून वाढत होती. आणि ती बोलायची. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे तेल संपलं, पाणी आलं, पाय धुवा. त्याच्याशी ती तिच्या आजीबद्दल बोलायची, माहेरच्या खाडीबद्दल बोलायची, पहिल्यांदा बोटीने मुंबईला आली तेव्हा तिला काय वाटलं त्याबद्दल बोलायची. तिला काही वाटलं होतं हेच मला माहीत नव्हतं. त्या बोटीत शेजारी मीच बसलो होतो.

एकदा मी पहिल्या पाळीहून आलो. रविवार नव्हता, कसलीतरी सुट्टी होती त्याच्या युनिव्हर्सिटीला. जिन्यातच हसण्याचा आवाज ऐकू आला. माझी बायको हसताना असा आवाज करते हे मला जिन्यात कळलं. दारात येऊन बघतो तर दोघांच्या डोळ्यांत पाणी. तो कोटाच्या बाहीने डोळे पुसतोय, आणि ही पदर तोंडाला लावून म्हणतेय, "...आणि म्हस आपली परत दारात हुबी!" मला बघितलं आणि दोघं थांबली. तारेत करंट संपल्यासारखी. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय. पाय धुवा, भात वाढतंय." मी पाय धुतले. भात खाल्ला. कुठली म्हैस, कुणाच्या दारात, गेली कधी नि परत का आली, काही कळायला मार्ग नव्हता. तुम्ही म्हणाल एका म्हशीचं एवढं काय. मी पण स्वतःला तेच सांगितलं. पण साच्यावर उभा राहिलो की धोट्याच्या खटखटीत मला ती म्हैस दिसायची. गिरणीच्या दारात उभी असायची.

शेवटी एक दिवस, हरताळ होता, तो आलेला नव्हता, मी आपण होऊन सूप मांडीवर घेतलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बरे आसात ना?" मी म्हटलं, "बरो आसंय. एका सुपाला एक सवाल ना? मग?" मी असा तांदूळ निवडला की देवळात ठेवावा. तिने बोट फिरवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवलं, खडा सापडला नाही. मग पदराला हात पुसून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "इचारा." आता सांगतो, मी भर मोर्च्यात पोलिसांच्या दंडुक्यासमोर उभा राहिलेला माणूस आहे. पण ती तशी समोर बसली, हात मांडीवर, डोळे माझ्यावर, आणि माझ्या तोंडातून म्हैस बाहेर येईना. म्हैस विचारली म्हणजे मी दारात उभा राहून ऐकलं होतं, मनात धरलं होतं, हे सगळं त्या म्हशीच्या मागे बांधलेलं आलंच. मी विचारलं, "चाय आसा काय?" तिने मांडीवरचे हात उचलले, "आसा" म्हणाली आणि उठली. सवाल संपला. तो चहा चांगला होता, एवढं मी मान्य करतो.

त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे काहींना पोहता येत नाही तसं. कर्फ्यूच्या दिवसांत तो एकदा आमच्याकडेच अडकला, गॅलरीत आमच्या जेवणाऱ्यांच्या ओळीत झोपला, आणि सकाळी सगळ्यांना त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त आपुलकी. दुपारी खाली लाठीमार झाला. आमचा एक जेवणारा धावत वर आला आणि पोटमाळ्यावर चढला. मागोमाग हवालदार. मी दारात होतो, मला त्याने विचारलं नाही. कोटवाला दिसला म्हणून त्याला विचारलं, "वर कोण आहे?" हा निवांत सूप खाली ठेवून म्हणाला, "मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे मी उत्तर देऊ शकत नाही." म्हणजे हवालदाराच्या हातात शिडीच दिली. हवालदाराने वर बघितलं. तेव्हा आमची ही चुलीसमोरून उठली, एक भरलेलं सूप उचललं आणि हवालदारासमोर धरलं. "सवाल इचारूचो आसात तर आदी सूप निवडा. खाणावळीची पद्धत आसा. ह्येंका इचारा, युनिव्हर्सिटीचे आसत, तेपण निवडतत." हवालदाराने ह्याच्याकडे बघितलं. ह्याचा कोट कोंड्याने पांढरा झालेला. हा म्हणाला, "ते मात्र खरं आहे." हवालदार आधी चक्रावला, मग त्याला हसू फुटलं. "खंयचे गे तुमी?" "देवगडकडचे." "माझी आयशी पण अशीच होती," म्हणाला, आणि दंडुका काखेत मारून खाली उतरला. तो खाली पोचल्यावर माळ्यावरचा शिंकला. मी ह्याच्यावर तापलो. म्हटलं, "साहेब, एक 'कोणी नाही' म्हणायला काय जात होतं?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "काही जात नव्हतं," म्हणाला. "पण जमलं नसतं." ही मला म्हणाली, "त्येंका नाय जमाचा. तुमका जमता ता पुरे." हे माझं कौतुक होतं की काय होतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

त्याच्या कामाची पण एक तऱ्हा होती. विचारून गेला नि कुठे काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलंच नाही, असा प्रकार नव्हता. हिची अट होती, आमचं लिहाल ते आम्हाला वाचून दाखवा, आणि चुकलं असेल ते आम्ही खोडणार. त्याला ही अट इतकी आवडली की तो महिन्यातून एकदा गॅलरीत उभा राहून वाचायचा. बायका भिंतीला टेकून बसायच्या, शेंगा सोलत, आणि कुणाला काही खटकलं की ती हाताचा पंजा वर करायची. पंजा वर झाला की युनिव्हर्सिटी थांबायची. एकदा त्याने वाचलं, "कुटुंबप्रमुख, पती." आमच्या हिचा पंजा वर. "प्रमुख? मिठाची बरणी खंय आसा ता इचारा त्येंका." सगळी गॅलरी माझ्याकडे वळली. मी आत विडी ओढत होतो. मीठ कुठे असतं मला माहीत नव्हतं, मीठ माझ्या आयुष्यात नेहमी ताटातच असायचं. तो दारापर्यंत आला आणि अगदी अदबीने मला म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर खोडतो." पंचवीस बायका वाट बघतायत, हरकत काय घेणार? म्हटलं, "खोडा." अशा रीतीने माझ्याच घरातून मला शाईने खाली उतरवण्यात आलं, आणि वर त्याने माझे आभार मानले. हे मात्र सांगितलं पाहिजे, त्याच खोडाखोडीच्या कागदावर चाळीला दुसरा नळ मिळाला. त्याचे विद्यार्थी आणि आमच्या बायका मिळून म्युनिसिपालिटीच्या कचेरीत जाऊन बसायचे, विद्यार्थी कागद पुढे करायचे आणि बायका सूप. साहेब लोक कागदाला घाबरले की सुपाला, देव जाणे.

मग हिने एक दिवस त्याला विचारलं, "तुम्ही आमच्याकडे येतास. आम्ही तुमच्याकडे कधी येवचा?" मला वाटलं आता हा काहीतरी गुळमुळीत बोलेल. तो म्हणाला, "खरं आहे. हे एकतर्फी झालं. तुम्ही येऊन शिकवलं पाहिजे." आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या चाळीतल्या बायका नेसूची चांगली लुगडी नेसून, सुपं घेऊन, ट्रामने कोटात. तांदळाचं पोतं उचलायला मी. मला बोलावलं ते तेवढ्यासाठीच, दुसरा गैरसमज नको. दारात पट्टेवाल्याने अडवलं. माणसं जाऊ देत, म्हणाला, पोतं आत जाणार नाही. मी म्हटलं आता बघू, साहेबाची किती चालते. ह्याने वाद घातला नाही. माझ्या पाठीवरचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं, कोटासकट, आणि म्हणाला, "मग वर्ग पायरीवर भरेल." त्या थोरल्या दगडी पायऱ्यांवर त्याचे विद्यार्थी, विद्यार्थिनी एकेक सूप घेऊन बसले. समोरून मोर्चा चालला होता. तांदूळ निवडत बसलेली शिकलेली पोरं बघून लोकांना वाटलं हा नवीन तऱ्हेचा सत्याग्रह आहे, आणि निम्मा मोर्चा घोषणा देत पायऱ्या चढून आला. चार जण तर सूप मागू लागले. एवढा गोंगाट ऐकून वरचे कोणी मोठे साहेब खाली उतरले, चष्मा पुसत. "हे काय चाललंय?" आमची ही म्हणाली, "सवाल आसा ना? सूप घ्या." साहेबांनी ह्याच्याकडे बघितलं. हा म्हणाला, "पद्धत आहे, सर." आणि मोठे साहेब पायरीवर बसले. त्यांच्या सुपात सात-आठ खडे राहिले. बाद.

तिथे एका मुलीचं सूप स्वच्छ निघालं. दोन वेण्या, फार हुशार. तिने विचारलं, "बाई, खाणावळ घालायला तुमच्या यजमानांनी परवानगी दिली होती का?" बाई म्हणाली ती तिला. मास्तरणीला म्हणतात तसं बाई. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "ते पोत्याकडे बसलेत, त्येंकाच इचारा." सगळ्या पायऱ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मला विचारलंच नव्हतं." सगळे हसले, मोठे साहेबसुद्धा. मी खरं तेच बोललो होतो. संध्याकाळपर्यंत ही बोलत होती, उभी राहून, एक हात कमरेवर, आणि ती सगळी शिकलेली माणसं ऐकत होती. तिच्या कपाळावर ऊन आलं होतं. मी पोत्यावर बसून तिच्याकडे बघत होतो आणि मला असा राग आला होता की बोलायची सोय नाही. राग तिचा नव्हता. राग ह्याचा होता, की हे सगळं तिच्यात आहे हे ह्याला दिसलं, तांदळातल्या खड्यासारखं नव्हे, खड्यातल्या तांदळासारखं, आणि मी एवढी वर्षं तिच्या हातचं जेवून तृप्तीची ढेकर देत राहिलो. परत येताना ट्राममध्ये तिने मला विचारलं, "कसा झाला?" मी म्हटलं, "पोतं जड होतं."

त्यानंतर देवाणघेवाण कायमची सुरू झाली. रविवारी त्याच्या विद्यार्थिनी येऊन गॅलरीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवायच्या, आणि आमच्या बायका महिन्यातून एकदा त्यांच्या पायऱ्यांवर. बायकांच्या मागे दोन-चार पुरुषही लाजत बसू लागले, त्यांत मी. गावच्या शाळेत मास्तरांनी मला तिसरीतून उठवून गुरांमागे पाठवलं होतं. हे जे तुम्ही वाचताय ते त्या दोन वेण्यांच्या पोरीने घटवून घेतलेल्या अक्षरात आहे. म्हणजे ज्याच्यावर मी जळतो त्याच्याच दौतीतून लिहितोय.

ही आजारी पडली तसा तो रविवारचा रोजवर आला. डॉक्टर आणला त्याने, परळच्या इस्पितळात खाटेची सोय केली, आणि ती तिथे राहायचं नाही म्हणाली तर मुकाट घरी परत आणली. मी कामावरून सुटून येईपर्यंत तो तिच्याजवळ. आता सवाल विचारत नसे, ती दमायची म्हणून. नुसतं सूप निवडायचा. आणि मीही त्याच्या शेजारी बसून निवडू लागलो, कारण दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. माझी निवडून झालेली सुपं तिच्यापुढे जायची, ती बोट फिरवायची, सुरुवातीला तळाशी दाबून, मग हळूहळू नुसतं वरवर, आणि माझ्याकडे बघायची. "इचारा." मी म्हणायचो, "उद्या." मला वाटायचं, बरी होऊ दे, मग म्हैस विचारू, आरामात, दोघंच असताना. उद्याचं सूप होतंच. राज्य झालं, मुंबई आपल्याला मिळाली, लालबागेत रोषणाई झाली, ती बघायला ही नव्हती.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सोमवार होता, त्याचा युनिव्हर्सिटीचा दिवस. तिची खाट लोकांनी बाहेर काढली होती, जमीन धुतली होती, ती अजून ओली होती. काकींनी ठेवलेला चहा तसाच होता. त्याने उंबरठ्याबाहेर वहाणा काढल्या आणि विचारलं, "येऊ का?" सवयीने विचारलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की "या" म्हणणारं माणूस नाही. तो तसाच उभा राहिला. एकदा मी त्याला असाच उभा ठेवला होता. मी म्हटलं, "या."

त्याने ओल्या जमिनीवर गोणपाट पसरलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. ते तांदूळ त्या दिवशी शिजणार नव्हते, कुणी जेवायला येणार नव्हतं. पण निवडायला कुणी मनाई केली नव्हती, आणि मी सकाळपासून सूप घेऊनच बसलो होतो. त्याने सवयीने त्याच्या सुपासाठी हात पुढे केला. मी दिलं नाही. म्हटलं, "आज फक्त मी." तो रिकाम्या हाताने बसला. ह्या खोलीत रिकाम्या हाताने बसलेला मी त्याला कधी बघितला नव्हता, हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. मला दाणे नीट दिसत नव्हते, पुन्हा पुन्हा डोळे पुसावे लागत होते. तरी निवडलं, आणि सूप त्याच्यापुढे सरकवलं. "बघा."

त्याने बोट फिरवलं. तिच्यासारखंच, डाव्या बाजूने, तळाशी दाबत. मधेच बोट थांबलं. मलाही दिसला. मसुरीएवढा खडा, पांढरा, आंधळ्यालासुद्धा लागेल असा. तो त्या खड्याकडे बघत राहिला. खाली नळावर कळश्या वाजत होत्या. मग त्याने तो उचलला, मूठ मिटली, मूठ कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "स्वच्छ आहे. विचारा."

मी म्हटलं, "ती म्हैस. पहिल्यापासून सांगा."